प्लग काढणारा मुलगा : नागपुरातल्या एका दिवस-केंद्रातलं प्रकरण

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर निघतात. त्यांच्या बाजूंच्या गवताच्या ताट्या बदलल्या जातात, पंप तपासला जातो आणि मार्चअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत तो आवाज घरात मुक्कामालाच असतो. चार दिवसांत बहुतेकांच्या कानाला त्याची सवय होते. या प्रकरणातल्या मुलाला ती झाली नाही. ही गोष्ट केंद्राच्या लक्षात यायला पाच आठवडे लागले.

आधी एक खुलासा. हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या केंद्रांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी इथे एका मुलाभोवती मांडल्या आहेत. मुलगा, केंद्र आणि नोंदींतले आकडे उदाहरणाचे आहेत. तपासण्या, औषधं आणि पद्धती यांची माहिती मात्र जशी आहे तशीच दिली आहे.

मुलगा, केंद्र आणि तक्रार

मुलगा १४ वर्षांचा. स्वमग्नता आणि मध्यम बौद्धिक अक्षमता. भारतीय स्वमग्नता मापनश्रेणीवर, म्हणजे 'इसा'वर, ११८ गुण. या श्रेणीत ४० बाबी असतात आणि प्रत्येकीला १ ते ५ गुण मिळतात. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. तोंडी शब्द चारच : आई, पानी, दे, नाय. चित्रकार्डांच्या 'पेक्स' पद्धतीच्या सहा टप्प्यांपैकी तो तिसऱ्यावर होता. म्हणजे दोन-तीन चित्रांतून हवं ते निवडून समोरच्याच्या हातात देत होता, पण मागायचा ते फक्त खाऊ, पाणी आणि झोका. नको असलेलं थांबवण्यासाठी त्याच्याकडे एकही कार्ड नव्हतं. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

घर इतवारीत, दोन खोल्यांचं. आई, बाबा, आजी आणि लहान बहीण. केंद्र दक्षिण नागपुरात, एका सार्वजनिक न्यासाचं, भाड्याच्या घरात. त्याच्या वर्गात आठ मुलं, एक विशेष शिक्षिका, एक मदतनीस दादा आणि कूलरच्या पाण्यापासून डब्यापर्यंत सगळं पाहणाऱ्या मावशी. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार देणारे तज्ज्ञ, आठवड्यातून दोनदा येत. उन्हाळ्यात केंद्राची वेळ सकाळी ८ ते १२.३०.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मुलगा उजव्या तळव्याने उजव्या कानावर मारू लागला. आधी दिवसातून पाच-सात वेळा, मग तीस-चाळीस वेळा. कानाची पाळी सुजली. वर्गाच्या वहीत रोज एकच शेरा : 'आज खूप हट्ट केला', 'काम टाळतो'. आईचं म्हणणं वेगळं होतं. "घरी तर असं काहीच करत नाही जी. तुमच्या इथंच काहून करून राहिला?" केंद्राला वाटलं, घरचे लपवताहेत. घरच्यांना वाटलं, केंद्रात कोणीतरी हात उचलतंय. दोन्ही शंका कोणी बोलून दाखवल्या नाहीत, त्यामुळे त्या अधिकच मुरल्या.

मुलाला रात्री रिस्पेरिडोन १ मिलीग्रॅम सुरू होतं. ते वाढवून घ्या, असा निरोप केंद्राने आईजवळ तोंडी दिला. इथे केंद्राची चूक झाली. निरोपासोबत एकही नोंद नव्हती. स्वमग्नतेतल्या चिडचिडीसाठी आणि स्वतःला इजा करण्यासाठी हे औषध वापरलं जातं आणि अनेकांना त्याचा उपयोगही होतो. पण त्याने वजन वाढतं, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढू शकतं आणि या गटातली औषधं शरीराच्या तापमान-नियंत्रणात अडथळा आणू शकतात. पारा ४५ अंशांकडे चालला असताना नागपुरात डोस वाढवायचा, तर त्यासाठी 'हट्ट करतो' यापेक्षा भक्कम कारण हवं. फिट्सच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ टोपिरामेटने, घाम कमी होतो. अशा मुलांकडे तर उन्हाळ्यात दुप्पट लक्ष हवं.

पहिल्यांदा शरीर

थेरपिस्टने सांगितलेली पहिली गोष्ट साधी होती : वर्तनाचा विचार नंतर, आधी दुखणं शोधा. न बोलणारं मूल अचानक कानावर, गालावर किंवा डोक्यावर मारू लागलं तर कान, दात, पोट आणि झोप हे चार दरवाजे आधी उघडून पाहायचे. कानात मळ साचलेला असतो, दाढ किडलेली असते. बद्धकोष्ठ तर या मुलांत फार दिसतं आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की आणखी वाढतं. किशोरवयात फिट्स नव्याने सुरू होऊ शकतात, म्हणून क्षणभर हरवल्यासारखं पाहणं किंवा मारल्यानंतर गळून झोपणं दिसतं का, तेही विचारलं गेलं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी डाव्या कानातला मळ काढला. उजवा कान, ज्यावर तो मारत होता, तो स्वच्छ निघाला. दातांत एक किडलेली दाढ सापडली, ती भरली गेली. घरच्यांनी मुलाची 'निरामय' योजनेत नोंदणी केलेली होती. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या या आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. खर्च आधी स्वतः करायचा आणि मग बिलं सादर करायची, त्यामुळे मूळ पावत्या पहिल्या दिवसापासून एका पिशवीत ठेवाव्या लागतात. अनेक कुटुंबं इथेच चुकतात.

दाढ भरल्यावर मारणं दोन दिवस कमी झालं आणि पुन्हा पूर्वपदावर आलं. म्हणजे दुखणं होतं, पण तेवढंच नव्हतं.

नोंद कशी करायची

आता वहीतले शेरे बंद झाले. त्यांच्या जागी एक कागद आला, तीन रकान्यांचा : आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. पहिल्या दिवशीची एक नोंद अशी होती : 'काम दिलं, चिडला, मारलं, समजावलं.' यातून काहीच हाती लागत नाही. थेरपिस्टने तीच घटना पुन्हा लिहवून घेतली : 'सकाळी ९.४२. मणी ओवण्याचा ट्रे समोर ठेवला. मावशींनी कूलर सुरू केला. अर्ध्या मिनिटात उजव्या कानावर तळव्याने ६ वेळा. दादा त्याला हाताला धरून व्हरांड्यात घेऊन गेले. दोन मिनिटांत थांबला.' चिडला, कंटाळला, मुद्दाम केलं हे शब्द नोंदीत येऊ द्यायचे नाहीत. ते आपले निष्कर्ष आहेत आणि नोंदीत ते शिरले की पुढचा विचारच थांबतो.

सोबत अर्ध्या-अर्ध्या तासांच्या चौकटींचा एक तक्ता भिंतीवर लावला. ज्या चौकटीत मारणं झालं ती रंगवायची. बारा दिवसांत रंग ९.३० ते ११.३० या पट्ट्यात गोळा झाला. शनिवारच्या चौकटी कोऱ्या होत्या. सगळ्यांचा पहिला अंदाज : शनिवारी गाणी आणि खेळ असतात, काम नसतं, म्हणजे तो काम टाळतो. अंदाज वाजवी होता. पण शनिवारी मुलं पुढच्या दिवाणखान्यात बसतात आणि तिथे कूलर नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

ते ध्यानात आलं एका गुरुवारी. वीज सकाळी ९ वाजता गेली ती १२ पर्यंत आली नाही. मुलं घामाघूम, दोघं रडत होती, शिक्षिका हैराण. त्या दिवशी त्याच्या तक्त्यात एकही चौकट रंगली नाही. उकाड्याने चिडतो, हे स्पष्टीकरण तिथेच पडलं. तरी घाई करण्यासारखं काही नव्हतं, कारण त्या दिवशी मुलांना कडुलिंबाखाली नेलं होतं आणि कामही दिलं नव्हतं. कूलर नव्हता, काम नव्हतं, जागा वेगळी होती. तीन गोष्टी एकदम बदलल्या की श्रेय एकीला देता येत नाही.

मग मावशी बोलल्या. पहिल्यांदा कूलर लावला तेव्हा हा पोरगा दर थोड्या वेळाने उठून प्लग काढून ठेवायचा, असं त्यांनी सांगितलं. मार्च-एप्रिलच्या वहीत ते सापडलंही : 'प्लग ओढतो. समज दिली.' असं चार वेळा. पाचव्या नोंदीत : 'बोर्ड वर घेतला.' लोखंडी कूलरजवळ ओल्या हातांनी प्लग ओढणं जीवावर बेतू शकतं. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. त्यामुळे बोर्ड वर घेणं योग्यच होतं. (अर्थिंग तपासणं आणि गळती झाली की वीज तोडणारं ३० मिलीअँपिअरचं उपकरण बसवणंही त्याच दिवशी व्हायला हवं होतं, ते नंतर झालं.) चूक दुसरी होती. 'हे बंद करा' हे तो त्याला येत होतं त्या एकमेव मार्गाने सांगत होता. मार्ग बंद केला आणि त्या जागी दुसरा दिला नाही. बोर्ड वर गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी कानावर मारल्याची पहिली नोंद आहे.

पडताळा

अंदाज कितीही पटला तरी तो तपासावा लागतो. स्वतःला इजा करणाऱ्या मुलाबाबत तपासताना त्याला पुन्हा पुन्हा मारू देणं बरोबर नाही. म्हणून किती वेळा मारलं हे मोजलं नाही. पहिला फटका पडेपर्यंत किती वेळ गेला, हे मोजलं. पहिला फटका पडताच फेरी संपवायची. एक फेरी जास्तीत जास्त १० मिनिटांची. आईची लेखी संमती घेतली, आणि पहिल्या दिवशी आई खोलीत हजरही होती. सगळ्या फेऱ्या सकाळी ८ ते ९ मध्ये, म्हणजे उकाड्याचा फरक पडणार नाही. चार परिस्थिती, प्रत्येकीच्या चार फेऱ्या, क्रम उलटसुलट.

कूलर सुरू आणि काम समोर : पहिला फटका २५ ते ४० सेकंदांत. कूलर सुरू आणि हातात आवडता ठोकळ्यांचा डबा : दीड ते तीन मिनिटांत. कूलर बंद आणि काम : तीन फेऱ्या पूर्ण १० मिनिटं शांत, एकीत सातव्या मिनिटाला एक फटका. कूलर बंद आणि खेळ : चारही फेऱ्या शांत.

म्हणजे मूळ कारण आवाज, आणि काम त्यावरचा भार. शिवाय मारलं की दादा बाहेर नेतात, हे तो शिकला होता. दादांनी दयेपोटी केलेली गोष्ट मारण्याला बळ देत होती. यात दादांचा दोष नाही. सुजलेला कान समोर दिसत असताना कोणीही तेच केलं असतं.

नंतर कूलरच सुटा करून पाहिला. नुसता पंप चालू : काही नाही. पंखा कमी वेगावर : अस्वस्थ, पण मारणं नाही. पंखा पूर्ण वेगावर : लगेच. आणि सगळ्यांत वाईट तो क्षण, जेव्हा शांत खोलीत तो एकदम सुरू होतो.

कूलरचं काम

कूलर काढून टाकणं शक्य नव्हतं. उरलेल्या सात मुलांनाही गारवा हवा होता, आणि त्यालाही. मग दोन दुपारींत पुढील कामं झाली. कूलर खिडकीच्या गजाला टेकलेला होता. तो बाहेरच्या स्टँडवर घेतला आणि चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे घातले. निम्मी खडखड कूलरची नव्हतीच, गजाची होती. पंख्याच्या पात्यांवर पाण्याच्या क्षाराचा थर बसला होता, त्याने पंखा डुगडुगत होता. पाती घासून साफ केली. ताट्यांचे सैल क्लिप बदलले. फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमत होता, म्हणून खाली दोन सतरंज्या अंथरल्या आणि एका भिंतीला जुनं घोंगडं लावलं. मुलाची जागा कूलरपासून दीड मीटरवर होती, ती समोरच्या कोपऱ्यात पाच मीटरवर नेली.

वेळही बदलली. मावशी ७.१५ ला कूलर पूर्ण वेगाने लावतात आणि ७.५५ ला कमी करतात. मुलं येतात तेव्हा खोली गार असते आणि सुरू होण्याचा तो दचकवणारा क्षण मुलाच्या वाट्याला येत नाही. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायची. ती बंद केली की दमट हवा खोलीत कोंडते, गारवा कमी होतो आणि कोणीतरी वेग वाढवतं. दोन वेळा नेमकं हेच झालं. मग वेगाच्या बटणावर चिकटपट्टी लावली.

मुलाच्या जागेवरचा आवाज मोबाइलच्या ॲपने मोजला : आधी ७१, नंतर ५८ डेसिबल. असे ॲप नेमका आकडा सांगत नाहीत, पण त्याच मोबाइलवर, त्याच जागी, आधी आणि नंतर अशी तुलना करायला पुरेसे असतात.

कारखान्यात वापरतात तसे कान झाकणारे मफही आणले. त्यांचा उपयोग ठरावीक प्रसंगांपुरता : ऑटोत, गर्दीत, एका वेळी वीसेक मिनिटं. दिवसभर घातले तर कान साध्या आवाजांनाही आणखी हळवे होण्याचा धोका असतो, आणि मे महिन्यात त्याखाली घामोळं येतं.

'बाहेर'चं कार्ड

वातावरण सुधारल्यावर मारणं दिवसाला ३०-३५ वरून १२-१४ वर आलं. उरलेलं काम संवादाचं होतं. कोणतं कार्ड द्यायचं यावर बराच खल झाला. मुलाला म्हणायचं होतं 'बंद'. पण 'बंद' दर वेळी मान्य करता येणार नव्हतं. नव्याने शिकवायची मागणी पहिले काही आठवडे प्रत्येक वेळी पुरी व्हायला हवी, नाहीतर ती जुन्या सवयीपुढे टिकत नाही. म्हणून पहिलं कार्ड 'बाहेर'चं. दोन इंच चौरस, त्यावर व्हरांड्याचा फोटो, लॅमिनेशन, मागे वेल्क्रो, आणि जागा मुलाच्या टेबलाच्या उजव्या कडेला, कारण तो मारायचा उजव्या हाताने.

शिकवण्याची रीत : शिक्षिका समोर, दादा मागे. कूलर कमी वेगावर. मुलाचा चेहरा आक्रसला किंवा खांदा वर गेला की, फटक्याच्या आधी, दादा मागून त्याचा हात कार्डाकडे नेतात. तोंडाने काहीही सांगायचं नाही, नाहीतर मूल सांगण्याची वाट पाहायला शिकतं. कार्ड हातात पडताच शिक्षिका "बाहेर" म्हणतात आणि दोन सेकंदांत उठतात. बाहेर दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ. परत आल्यावर आधी सोपं काम, मग उरलेलं. फटका आधीच पडला, तर हात हळूच अडवायचा, अर्धं मिनिट थांबायचं, आणि कार्डाकडे नेऊन मगच बाहेर. मारणं ते बाहेर ही साखळी तिथे तुटते.

चौथ्या दिवशी त्याने एका तासात १९ वेळा कार्ड दिलं. वर्गात कुरकुर सुरू झाली : आता हा फायदा घेतोय. नव्या कार्डाची अनेक कामं याच टप्प्यावर मोडतात. ज्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा 'पुरे' म्हणता आलं, तो ते म्हणून पाहणारच. त्या १९ वेळांत फटके दोनच होते. मागणी नाकारली असती तर त्याच्याकडे परतायला कान होताच. दहा दिवस प्रत्येक कार्ड मानलं गेलं. मग 'थांब'चं लाल कार्ड आलं : आधी ५ सेकंद, मग १०, मग ३०. मेअखेर तो दोन मिनिटं थांबत होता.

दोन गोष्टी बिघडल्या. मेच्या उन्हात वेल्क्रोचा गोंद सुटला आणि कार्डं जमिनीवर पडू लागली. एका सकाळी त्याचा हात रिकाम्या जागेवर गेला आणि पाठोपाठ कानावर. त्यानंतर वेल्क्रो दोऱ्याने शिवून टाकला आणि प्रत्येक कार्डाच्या दोन जादा प्रती ठेवल्या. दुसरी गोष्ट : ११ नंतर व्हरांडा तापू लागला म्हणून त्याला मागच्या रिकाम्या केलेल्या कोठीत नेऊ लागले. तो आत शिरायला तयार नव्हता, दारातच बसून मारू लागला. कार्डावर व्हरांडा होता आणि समोर कोठी. त्याच्या लेखी त्याला मागितलेली वस्तू मिळाली नव्हती. कोठीच्या फोटोचं दुसरं कार्ड केल्यावर ते थांबलं.

घर, डॉक्टर आणि पुढचा उन्हाळा

घरी तो का मारत नव्हता, हे आजींना विचारल्यावर कळलं. कूलर आजींच्या खोलीत होता. तो लागला की हा स्वयंपाकघरात जाऊन बसायचा आणि रात्री बाबांसोबत गच्चीवर झोपायचा. "त्याला ती घरघर सोसतच नाही," आजी म्हणाल्या. आईचं म्हणणं शब्दशः खरं होतं : घरात उठून जायला जागा होती, वर्गात नव्हती. केंद्राच्या प्रवेश अर्जात आता दोन प्रश्न वाढले आहेत. घरी कोणत्या आवाजापासून तो दूर जातो? आणि नको असलेलं तो कसं सांगतो? उत्तर देताना आई-बाबांबरोबर घरातलं जे माणूस दिवसभर मुलापाशी असतं, त्यालाही बोलावतात.

डॉक्टरांकडे या वेळी एका पानाचा कागद गेला : दोन आठवड्यांचे रोजचे आकडे, चार परिस्थितींची वेळ, कान आणि दातांचा अहवाल. डोस वाढला नाही. जूनमध्ये मारणं दिवसाला शून्य ते दोनवर आलं. पाऊस आल्यावर कूलर बंद करून ठेवले गेले, त्यामुळे जुलैच्या शून्याला केंद्राने यश म्हणून मोजलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबतीची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत नेहरू पुतळ्याजवळ भेटतात आणि त्या भागात ढोल-ताशांचा आवाज दिवसभर राहतो. घरच्यांनी आदल्या रात्रीच त्याला मामाकडे नेलं. आठवडाभर आधी मामाच्या घराचा फोटो रोज दाखवला होता.

पुढच्या होळीनंतर कूलर लावायच्या आठ दिवस आधी 'बाहेर'चं कार्ड पुन्हा टेबलावर आलं आणि दोन दिवस नुसतंच वापरून झालं. पहिल्या दिवशी कूलर मुलाच्या समोर, त्याच्याच हाताखालच्या लांब दोरीच्या स्विचने, कमी वेगावर सुरू झाला. त्याने तो चार वेळा बंद केला, पाचव्यांदा राहू दिला. घरी आता 'बंद'चंही कार्ड आहे. ते मिक्सरसाठी चालतं. केस कापायच्या मशीनचं काम अजून व्हायचं आहे, तोवर केशकर्तनाच्या दुकानात कात्रीच वापरतात.